सहा दिवस उशीर आणि ४,१८७ रुपये: क्रेडिट कार्डाची लेट फी कशी लागते आणि तिच्यामागून काय येतं

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "माझ्या कार्डाचं बिल ३८,४०० रुपये होतं. भरायची शेवटची तारीख १८ ऑक्टोबर. शाळेत पगार दिवाळीआधी होईल असं सांगितलं होतं, झाला २३ ला. मी २४ ला पूर्ण बिल भरलं, एक रुपया बाकी ठेवला नाही. तरी पुढच्या बिलात लेट फी, व्याज आणि जीएसटी मिळून ४,१८७ रुपये जास्तीचे लागले. सहा दिवसांचे चार हजार? हे कायदेशीर आहे का? परत मिळतील का? आम्ही बेसा भागात फ्लॅट पाहतो आहोत, सिबिलवर परिणाम होईल का? आणि हे कार्ड आता बंदच करून टाकू का?"

ताई, बँकेच्या कार्ड विभागात मी बरीच वर्षं काढली आणि आता धरमपेठेत लोकांना कर्ज आणि कार्डाच्या हिशेबात मदत करतो. तुमच्यासारखी बिलं घेऊन येणारे खूप असतात, आणि जवळजवळ सगळ्यांचं बोट लेट फीच्या ओळीवर असतं. तुमच्या ४,१८७ रुपयांत लेट फी फक्त १,१०० आहे. उरलेले पैसे दुसऱ्याच वाटेने गेले आहेत, आणि ती वाट कळली नाही तर पुढच्या वेळी लेट फी वाचवूनही पैसे जातच राहतील.

तारीख चुकली की तीन वेगवेगळ्या गोष्टी सुरू होतात: लेट फी, व्याज आणि सिबिलमधली, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेतली, नोंद. तिघींचे नियम वेगळे आहेत. एक टळली म्हणून दुसरी टळत नाही.

आधी तुमचा हिशेब उलगडून पाहू. तुम्ही पाठवलेल्या बिलात तीन खरेद्या होत्या. ३ सप्टेंबरला सीताबर्डीच्या दुकानातून घेतलेला फ्रिज २६,००० चा. १५ सप्टेंबरला मुलाच्या क्लासची फी ८,४००. २५ सप्टेंबरला किराणा आणि औषधं ४,०००. बिल बनलं २८ सप्टेंबरला. तुमच्या कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांचा दर याच्या आसपासच असतो.

तुम्ही धरून चाललात की उशीर सहा दिवसांचा, तर व्याजही सहा दिवसांचं. बँक तसं धरत नाही. पूर्ण बिल वेळेत भरलं तरच खरेदीच्या दिवसापासून शेवटच्या तारखेपर्यंतचा काळ बिनव्याजी असतो. तारीख चुकली की ही सवलत मागे जाऊन रद्द होते आणि व्याज प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. म्हणजे फ्रिजवर ३ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर, ५१ दिवसांचं व्याज: १,६३५ रुपये. क्लासच्या फीवर ३९ दिवसांचं: ४०४. किराण्यावर २९ दिवसांचं: १४३. झाले २,१८२ रुपये.

एवढ्यावर थांबत नाही. मागचं बिल थकलेलं असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. १० ऑक्टोबरला तुम्ही दिवाळीचे कपडे आणि मिक्सर मिळून १२,००० ची खरेदी केली होती. त्या खरेदीचं तर अजून बिलही आलं नव्हतं, तरी त्यावर १० पासून २८ ऑक्टोबरपर्यंत १८ दिवसांचं व्याज लागलं, २६६ रुपये. एकूण व्याज २,४४८. त्यात लेट फी १,१००. या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी, ६३९ रुपये. झाले ४,१८७.

एक गोष्ट इथेच बोलून टाकतो, कारण ती मला खरंच खटकते. घरकर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर नाही, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर आहे. त्यामुळे ४५ टक्क्यांचा दर खिशाला प्रत्यक्षात ५३ टक्क्यांच्या वर पडतो. एवढी मोठी गोष्ट स्टेटमेंटमध्ये 'आयजीएसटी' अशा एका ओळीत शेवटी कुठेतरी येते आणि माणसाच्या लक्षातच येत नाही.

आता लेट फीचा नियम. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांबाबत सविस्तर निर्देश काढले, ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांत काही सुधारणा झाल्या. ग्राहकाच्या उपयोगाचं त्यात पुष्कळ आहे. लेट फीपुरतं सांगायचं तर खातं देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं तरच बँकेला लेट फी लावता येते आणि तरच थकबाकी म्हणून सिबिलसारख्या संस्थांना कळवता येते. तुमची तारीख १८ होती. २१ तारखेपर्यंत किमान रक्कम जरी जमा झाली असती तरी लेट फी लागली नसती. चौथा दिवस उजाडला की मात्र उशिराचे दिवस १८ पासूनच मोजतात, ते तीन दिवस सोडत नाहीत.

ही तीन दिवसांची सवलत दंडाला आहे आणि नोंदीला आहे. व्याजालाही आहे असं धरून चालू नका. "तीन दिवस तर चालतात" असं म्हणत दर महिन्याला २० तारखेला भरणारे लोक मी पाहिले आहेत. लेट फी शून्य, आणि व्याजाचा आकडा मात्र स्टेटमेंटवर दर महिन्याला हजर. ही सवलत सर्व्हर बंद पडला, दवाखान्यात दाखल झालात, अशा वेळेसाठी ठेवा.

लेट फीचा आकडा रिझर्व्ह बँक ठरवत नाही, प्रत्येक बँक आपला तक्ता ठरवते. बहुतेक मोठ्या बँकांत शंभराच्या आतल्या थकबाकीला काही नाही, मग रकमेप्रमाणे टप्पे चढत जातात आणि ५० हजारांच्या वर साधारण १,३०० पर्यंत पोहोचतात. तुमचे ३८,४०० हे २५ ते ५० हजारांच्या टप्प्यात, म्हणून १,१००. हा तक्ता बँकेच्या संकेतस्थळावर 'सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती' या कागदात असतो. बँक अधूनमधून तो बदलते, म्हणून दोन वर्षांपूर्वी पाहिलेला आकडा आज खरा मानू नये.

या तक्त्यात खालचे टप्पे जास्त टोचतात. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे लोक तर्री पोह्यापासून पेट्रोलपर्यंत सगळं कार्डावर स्कॅन करू लागले आहेत. महिन्याकाठी बिल होतं ६४० रुपये. एवढंसं बिल म्हणून लक्षातून जातं, आणि काही बँकांत पाचशे ते हजारच्या टप्प्याची लेट फीच ५०० रुपये आहे. त्यावर ९० रुपये जीएसटी. ६४० च्या बिलाला ५९० चा दंड. मोठं बिल माणूस विसरत नाही, लहान विसरतो. म्हणून ज्यांच्याकडे दोन-तीन कार्डं आहेत त्यांना मी सांगतो की कमी वापराच्या कार्डालाच आधी ऑटो डेबिट, म्हणजे बिल खात्यातून आपोआप वळतं होण्याची सोय, लावा.

किमान रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू, याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटतं, ती भरली की बिल भरल्यासारखंच आहे. काहींना वाटतं, ती भरणं म्हणजे सावकाराच्या तावडीत सापडणं, त्यामुळे पूर्ण पैसे नसले की काहीच भरत नाहीत. तुमचं दुसरं झालं. तुमची किमान रक्कम बिलाच्या ५ टक्के, म्हणजे १,९२० रुपये होती. १८ तारखेला खात्यात तेवढे पैसे असतील असा माझा अंदाज आहे. ते भरले असते तर लेट फीचे १,१०० आणि त्यावरचा १९८ रुपये जीएसटी वाचला असता, आणि सिबिलमध्ये उशिराची नोंदही झाली नसती. व्याज मात्र जवळजवळ तेवढंच लागलं असतं. किमान रक्कम ही फक्त दंड आणि डाग यांच्यापासून वाचवते. अडचणीच्या महिन्यात ती जरूर भरावी, पण पुढच्या महिन्यात तीच भरत बसू नये.

भरत बसलं की काय होतं ते इतवारीतल्या एका व्यापाऱ्यांच्या कागदांवरून सांगतो. माणूस हिशेबाचा पक्का, दुकानातली पै-पै वहीत लिहिणारा. माझ्यासमोर स्टेटमेंटची चळत ठेवून म्हणाले, "सर, मी तर दर महिन्याला भरून राहिलो, ऑटो डेबिट हाये, एकदाही चुकलं नाही. मग हे वाढून काहून राहिलं?" मी त्यांना त्यांच्या मोबाइलवर बँकेचं ॲप उघडायला सांगितलं. ऑटो डेबिटच्या पानावर दोन गोल होते, एक 'टोटल अमाउंट ड्यू' आणि एक 'मिनिमम अमाउंट ड्यू'. खूण दुसऱ्या गोलात होती. कार्ड देताना फॉर्म भरणाऱ्या मुलाने ती केली असावी, यांनी सही केली. दर महिन्याला किमान रक्कम आपोआप वळती होत होती, लेट फी एकदाही लागली नव्हती, म्हणून यांना सगळं ठीक वाटत होतं. बाकीच्या रकमेवर ४५ टक्क्यांनी व्याज चालू होतं, आणि रोजची प्रत्येक नवी खरेदी पहिल्या दिवसापासून व्याजात जात होती. भरलेली रक्कम साधारणपणे आधी कर, शुल्क आणि व्याजात जिरते आणि उरली तर मुद्दलाला लागते, त्यामुळे मुद्दल हलतच नव्हतं. ऑटो डेबिट लावलेल्या प्रत्येकाने आज ते एक पान उघडून खूण कुठे आहे ते पाहावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ऑटो डेबिटचीच दुसरी बाजू म्हणजे त्या दिवशी खात्यात पैसे नसले तर. मग लेट फी वेगळी, कार्डाच्या बँकेचा 'पेमेंट रिटर्न' चा दंड वेगळा, आणि जिथे बचत खातं आहे ती बँकही आपला आकार लावते. शिवाय असा मँडेट, म्हणजे ऑटो डेबिटसाठी बँकेला दिलेली परवानगी, पैशांअभावी परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच गुन्हा धरला जातो. एका चुकलेल्या हप्त्यासाठी कोणी लगेच कोर्टात जात नाही, पण खात्यात पैसे नसताना मँडेट तसाच सोडून देणं बरं नाही. दोन दिवस आधी खातं पाहावं.

कार्डावर ईएमआय चालू असेल तर किमान रक्कम ५ टक्के नसते. महिन्याचा ईएमआय पूर्ण, अधिक मागची किमान थकबाकी, अधिक शुल्क आणि कर, अधिक मर्यादेच्या वर गेलेली रक्कम, आणि मग उरलेल्याचे ठरावीक टक्के. लोक मनानेच ५ टक्के काढून भरतात आणि काही रुपये कमी पडतात. किमान रकमेला ४७ रुपये कमी पडले तरी बँकेच्या संगणकाच्या लेखी ती भरलेली नाही. स्टेटमेंटवरचा आकडा पाहून भरा, अंदाजाने नाही. अशा वेळी एक नियम उपयोगी पडतो. लेट फी ही देय तारखेनंतर जी रक्कम शिल्लक राहिली तिच्यावर लावायची, मूळ पूर्ण बिलावर नाही. तुम्ही थोडे पैसे भरले असतील तर टप्पा खाली उतरला पाहिजे. उतरला नसेल तर बँकेला विचारा.

आता तुमचे प्रश्न एकेक घेतो.

कायदेशीर आहे का? तुम्ही सांगितलेल्या तारखा पाहता, हो. सहा दिवस झाले, तीनच्या वर गेले, टप्पा बरोबर आहे. व्याजाबद्दल पुष्कळ जण मला सांगतात की ३० टक्क्यांवर व्याज घेता येत नाही, तसा निकाल आहे. तसा निकाल होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. त्यामुळे केवळ दर जास्त आहे या मुद्द्यावर आज भांडून हाती काही लागणार नाही. हा दर मला योग्य वाटतो असं मुळीच नाही. पण चुकीच्या आशेवर वकिलाची फी जाऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो.

एक तपासा मात्र. न भरलेली लेट फी आणि कर यांच्यावर पुढे व्याज चढवायला बँकेला मनाई आहे. पुढच्या स्टेटमेंटमध्ये व्याज खरेदीच्या १२,००० वर धरलं आहे की त्यात हे ४,१८७ मिळवून १६,१८७ वर, ते पाहा. लेट फी आणि कराचे १,७३९ त्यात धरले असतील तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

परत मिळतील का? हक्क म्हणून नाही, पण मागितले तर लेट फी बऱ्याचदा परत मिळते. जुना ग्राहक, वर्षभरात पहिल्यांदाच चुकलेली तारीख आणि पूर्ण रक्कम भरून झालेली, या तीन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. कस्टमर केअरला फोन करा, पण फोनवर थांबू नका, ईमेल पाठवा. मजकूर साधा ठेवा: "माझे कार्ड अमुक वर्षापासून आहे. १८ ऑक्टोबरची देय रक्कम पगार उशिरा झाल्याने २४ ऑक्टोबरला पूर्ण भरली. यापूर्वी उशीर झालेला नाही. कृपया लेट पेमेंट फी, त्यावरील जीएसटी आणि शक्य असल्यास व्याज परत करावे." जीएसटी आणि व्याजाचा उल्लेख मुद्दाम करा. लेट फी परत करताना त्यावरचा जीएसटी राहून गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. व्याज परत द्यायला बँका सहसा तयार होत नाहीत, तरी मागायला काही हरकत नाही. तक्रार क्रमांक लिहून घ्या. आणि महत्त्वाचं म्हणजे उत्तर येईपर्यंत पुढचं बिल अडवून ठेवू नका. "आधी फी काढा मग भरतो" असं म्हणणाऱ्याला दुसरी लेट फी लागते, आणि मग तिसऱ्या महिन्यात त्याचं कोणी ऐकत नाही.

तुमचं प्रकरण विनंतीचं आहे. काही प्रकरणं मात्र हक्काची असतात. तुम्ही वेळेत भरलं पण मधल्या ॲपमधून रक्कम उशिरा पोहोचली. तीन दिवसांच्या आत भरूनही फी लागली. बिलच आलं नाही किंवा देय तारखेच्या आधी पुरते पंधरा दिवस मिळाले नाहीत. फसवणुकीचा व्यवहार म्हणून तक्रार केली आहे आणि तिचा निकाल लागायच्या आतच त्या रकमेवर शुल्क लागलं. अशा ठिकाणी विनवणी करायची नाही, पुरावा द्यायचा. पेमेंटचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, पावतीवरची तारीख आणि वेळ, खात्याचं पासबुक. रविवार होता, दिवाळीची सुट्टी होती ही सबब आता बँकेलाही नाही आणि आपल्यालाही नाही, कारण एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची एनईएफटी सेवा डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सातही दिवस चालते. तरीही मी लोकांना देय तारखेच्या तीन दिवस आधी भरायला सांगतो. शेवटच्या रात्री ॲप अडकलं तर भांडण जिंकता येतं, पण त्यात महिना जातो.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून ही योजना आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. नागपूरकर इथे हमखास एक चूक करतात. आपल्याकडे संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत आहे, त्यामुळे अर्ज घेऊन लोक थेट तिथे जातात आणि उन्हातान्हात हेलपाटा होतो. या योजनेत तक्रार ऑनलाइन करायची असते, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर. ऑनलाइन जमत नसेल तर लेखी अर्ज चंदीगडला सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालाने पाठवायचा. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल अर्ज घेत नाही. मघाशी ईमेलचा आग्रह धरला तो यासाठीही.

सिबिलचं काय? घर घ्यायचं आहे म्हणून हा प्रश्न तुमच्यासाठी ४,१८७ पेक्षा मोठा आहे. सिबिलच्या अहवालात प्रत्येक कार्डाखाली मागच्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. वेळेत भरलेल्या महिन्यात ००० किंवा 'एसटीडी' असं दिसतं, उशीर असेल तर थकलेल्या दिवसांचा आकडा. तुमच्या बाबतीत सहा दिवसांचा उशीर दिसू शकतो. जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे पूर्वी महिन्याच्या शेवटी माहिती जायची आणि अधलामधला लहान उशीर झाकला जायचा, तसं आता होईलच असं नाही.

घाबरू नका. सहा दिवसांच्या एका नोंदीवरून घरकर्ज नाकारलं जात नाही. कर्ज देणारा अधिकारी पाहतो की हे एकदा झालं आहे की सवय आहे. ३० दिवसांचा उशीर झाला असता तर मी वेगळं बोललो असतो, आणि किमान रक्कम देय तारखेपासून ९० दिवस भरली नाही तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, तिथे घरकर्जाचा विषयच संपतो. तुम्ही एवढंच करा: पुढच्या महिन्याच्या शेवटी आपला अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात ६ ऐवजी ३६ दिसत असेल, किंवा भरलेली रक्कम थकलेली दिसत असेल, तर लगेच दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँक जेव्हा घरकर्जासाठी अहवाल काढेल तेव्हा हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

पुढचं बिल. २८ ऑक्टोबरच्या स्टेटमेंटवर १६,१८७ आहेत. ते तुम्ही १५ नोव्हेंबरला पूर्ण भरले तरी त्यापुढच्या स्टेटमेंटमध्ये तीनएकशे रुपये व्याज दिसेल. अनेक बँकांत असं होतं. १२,००० वर २८ ऑक्टोबरपासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या १८ दिवसांचं ते व्याज असतं, २६६ आणि वर जीएसटी. पूर्ण भरूनही व्याज आलं म्हणून लोक चिडतात आणि रागाने ते तीनशे रुपये भरतच नाहीत. मग पुन्हा लेट फी. हे शेपूट एकदाच येतं. ते भरलं की बिनव्याजी मुदत पुन्हा सुरू होते. शक्य असेल तर या महिन्यात ते कार्ड अजिबात वापरू नका, म्हणजे हिशेब स्वच्छ होईल.

तुमचं मूळ दुखणं मात्र तारखेचं आहे. शाळेचा पगार पुढे-मागे होतो आणि बिल १८ ला पडतं. बिलाचं चक्र बदलून घेण्याची सोय बँकेने किमान एकदा द्यायलाच हवी, असा नियम आहे. तुमचा पगार बहुतेक महिन्यांत किती तारखेला होतो ते पाहा आणि देय तारीख त्याच्या सात-आठ दिवसांनंतर येईल असं चक्र मागून घ्या. ॲपमधून किंवा एका फोनवर होतं. माझ्या मते या सगळ्या उत्तरातलं तुमच्यासाठी सर्वांत उपयोगाचं काम हेच आहे, आणि ते एकदाच करायचं आहे.

तरीही कधी पैसे कमी पडलेच तर कार्डाच्या भरवशावर राहू नका. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्याकडे बहुधा पतसंस्थेचं सभासदत्व असेल. ३८,४०० रुपये सहा दिवसांसाठी वर्षाला १२ टक्क्यांनी जरी घेतले असते तरी व्याज झालं असतं ७६ रुपये. भावाकडून, जावेकडून आठवड्यासाठी मागायला संकोच वाटतो हे मी समजतो. पण ७६ आणि ४,१८७ हे दोन आकडे शेजारी मांडून पाहा. आणि एक करू नका: एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्या कार्डावरून एटीएममधून रोख काढू नका. रोख रकमेला बिनव्याजी मुदत एक दिवसाचीही नसते, आणि काढण्याचं शुल्क वेगळं.

राहिला कार्ड बंद करण्याचा प्रश्न. बंद करता येईल. थकबाकी शून्य असेल तर बँकेने विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. पण घरकर्जाचा अर्ज तोंडावर असताना जुनं, इतकी वर्षं वेळेत भरलेलं कार्ड बंद करू नका, असं माझं मत आहे. त्या कार्डाचा जुना चांगला इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे. वार्षिक शुल्क नसेल तर महिन्याला एखादं विजेचं बिल त्यावर टाका, पूर्ण रकमेचं ऑटो डेबिट लावा आणि कार्ड कपाटात ठेवा. घरकर्ज मंजूर होऊन पैसे मिळाल्यावर हवं तर बंद करा. त्या वेळी मघाचं तीनशे रुपयांचं शेपूट आधी भरून झालं आहे ना, हे शेवटच्या स्टेटमेंटवर शून्य पाहूनच विनंती टाका, आणि बंद झाल्याचा ईमेल घराच्या कागदांबरोबर ठेवा.